विश्लेषण : वजन घटले की पोहण्याचा वेग वाढतो का?

जकार्ता येथे २०१८ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीत कोल्हापूरचा वीरधवल खाडे चौथा आला. त्याची वेळ होती २२.४७ सेकंद. कांस्यपदक हुकले ते सेकंदाच्या अवघ्या एका शतांशाने. त्या वेगाने पोहणारा खेळाडू एका शतांश सेकंदात जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा. जिथे पदक पेराएवढ्या अंतराने निसटते, तिथे ‘दोन किलो उतरवले असते तर?’ हा प्रश्न खेळाडू, पालक आणि प्रशिक्षक या सगळ्यांच्याच मनात येतो. उन्हाळ्यात वजन कमी करण्यासाठी जलतरण तलावाचा पास काढणाऱ्यांनाही तो पडतोच. सहा महिन्यांत आठ किलो उतरले, शंभर मीटरची वेळही कमी झाली, मग हे वजनामुळे झाले की सरावामुळे? धावण्यात वजन आणि वेगाचे नाते सरळ असते. पाण्यात मात्र ते तितके सरळ नाही. ते का, आणि वजनाच्या मागे लागून वेग गमावण्याची वेळ कधी येते, याचा हा आढावा.

जमिनीवरचे वजन पाण्यात कुठे जाते?

धावताना प्रत्येक पावलाला शरीराचे सगळे वजन उचलावे लागते. सायकलने घाट चढताना तर हिशेब आणखी स्पष्ट असतो. पायांतली ताकद तेवढीच राहून सायकलसह एकूण वजन दहा टक्क्यांनी घटले, तर चढावरचा वेग जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी वाढतो. पाण्यात हे ओझे उचलायचे काम पाणीच करते. शरीर जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल शरीराला वर ढकलते. शाळेत शिकलेले आर्किमिडीजचे तत्त्व आणि प्लावक बल ते हेच.

मानवी शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ आहे. चरबीची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम, म्हणजे पाण्यापेक्षा कमी, तर चरबी वगळता उरलेल्या शरीराची (स्नायू, हाडे, पाणी) सरासरी सुमारे १.१ ग्रॅम मानली जाते. आता ८० किलो वजनाची एक व्यक्ती घेऊ, जिच्या शरीरात २५ टक्के, म्हणजे २० किलो चरबी आहे. या आकड्यांनुसार तिच्या शरीराचे आकारमान सुमारे ७६.८ लिटर भरते. फुप्फुसांत सव्वातीन लिटर हवा असली की एकूण आकारमान ८० लिटर होते आणि ही व्यक्ती गोड्या पाण्यात ना बुडत ना वर येत, अधांतरी राहते. हवा त्याहून थोडी जास्त घेतली की ती तरंगते. म्हणजे काट्यावरच्या ८० किलोंपैकी तलावात वाहून न्यायला जवळजवळ काहीच उरत नाही.

त्यामुळे ‘आठ किलोचे ओझे उतरले म्हणून वेग वाढला’ हे स्पष्टीकरण पाण्यात लागू होत नाही. ते ओझे आधीही पोहणाऱ्याच्या खांद्यावर नव्हतेच.

मग पाण्यात शरीराला अडवते काय?

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. पोहणाऱ्याची जवळपास सगळी लढाई असते ती पाण्याच्या अवरोधाशी, ज्याला ड्रॅग म्हणतात. त्याचे तीन भाग पडतात. पहिला शरीराच्या आकारामुळे होणारा अवरोध. समोरून पाहिले असता शरीर जेवढी जागा व्यापते, तेवढे पाणी त्याला फोडावे लागते आणि मागे भोवरे तयार होतात. दुसरा लाटांमुळे होणारा. पाण्याच्या पृष्ठभागावर पुढे सरकणारे शरीर होडीसारखी लाट उठवते आणि त्या लाटेत त्याची ऊर्जा खर्च होते. तिसरा त्वचा आणि पोशाखावर पाणी घासल्याने होणारा. पोहण्याच्या नेहमीच्या वेगांना पहिला भाग महत्त्वाचा ठरतो, वेग वाढत गेला की दुसरा डोके वर काढतो आणि तिसऱ्याचा वाटा त्या मानाने कमी असतो.

हा अवरोध वेगाच्या प्रमाणात नव्हे, तर ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर अवरोध २१ टक्क्यांनी वाढतो. तो अवरोध त्या वेगाने कापत राहण्यासाठी लागणारी शक्ती तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे ३३ टक्क्यांनी वाढते. केवळ एक टक्का वेग वाढवायला सुमारे तीन टक्के जादा शक्ती लागते. नवशिक्यांनी जोर लावून हात मारले तरी वेग फारसा वाढत नाही आणि दम मात्र लवकर लागतो, त्याचे एक कारण हे गणित आहे.

लाटांच्या अवरोधाचे नाते शरीराच्या लांबीशी आहे. लांब होडीला जसा जास्त वेग परवडतो, तसाच तो उंच जलतरणपटूलाही परवडतो. हात पुढे ताणून शरीर दोन मीटर लांब झाले, तर होडीच्या सूत्रानुसार सेकंदाला सुमारे पावणेदोन मीटर या वेगाच्या पुढे लाटेचा अवरोध झपाट्याने वाढतो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली चीनच्या पान झानलेने १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा सरासरी वेग सेकंदाला २.१५ मीटरच्या आसपास होता. अव्वल जलतरणपटू उंच का असतात, सुरुवातीची उडी आणि वळणानंतर पाण्याखालून जाण्यावर भर का देतात आणि नियमांनी त्या पाण्याखालच्या अंतराला १५ मीटरची मर्यादा का घातली आहे, हे यावरून कळते. वजन उतरवून उंची मात्र वाढत नाही. म्हणजे अवरोधाच्या या भागाला वजन घटल्याचा फायदा फारसा मिळत नाही.

आठ किलो उतरले तर गणित काय सांगते?

वजन घटल्याचा खरा फायदा आहे तो समोरून दिसणारे शरीर बारीक झाल्याचा. वरच्याच उदाहरणातील ८० किलोच्या व्यक्तीने आठ किलो चरबी उतरवली आणि स्नायू तसेच राहिले असे धरू. उंची तीच, आकारमान सुमारे दहा टक्क्यांनी कमी. म्हणजे शरीराचा सरासरी छेदही सुमारे दहा टक्क्यांनी कमी. अवरोध पूर्णपणे या छेदावर अवलंबून आहे आणि हातापायांची शक्ती तेवढीच आहे असे मानले, तर वेग दहा टक्क्यांनी वाढायला हवा असे वाटेल. पण इथे तो घन आडवा येतो. दहा टक्के कमी छेदातून मिळतो साधारण साडेतीन टक्के वेग.

ही व्यक्ती १०० मीटर दोन मिनिटांत पोहत असेल, तर नवी वेळ होईल सुमारे १ मिनिट ५६ सेकंद. चार सेकंदांची ही बचत हौशी पोहणाऱ्यासाठी चांगलीच आहे, स्पर्धेत तर ती प्रचंडच. पण ही कमाल मर्यादा समजायला हवी. चरबी गेली म्हणून खांद्यांची आणि बरगड्यांच्या पिंजऱ्याची हाडे अरुंद होत नाहीत आणि पाणी सर्वांत आधी फोडतात ते डोके आणि खांदेच. लाटांचा अवरोध उंचीशी बांधलेला, तो जवळपास जागच्या जागी. त्यामुळे प्रत्यक्षात पदरात पडणारा फायदा यापेक्षा कमीच असतो.

वजनाचा थेट परिणाम होतो अशा दोन जागा मात्र आहेत. एक सुरुवातीची उडी आणि दुसरी भिंतीवरचे वळण. दोन्ही ठिकाणी पायांच्या जोरावर शरीराला एकदम गती द्यायची असते आणि तिथे न्यूटनचा नियम सरळ लागू होतो. बल तेवढेच आणि वस्तुमान कमी, तर त्वरण जास्त. ५० मीटरच्या शर्यतीत उडीचा आणि २५ मीटरच्या तलावात वळणांचा वाटा मोठा असतो, तिथे हा फायदा जाणवतो.

प्रयोगांतून काय दिसले?

कागदावरचे गणित पाण्यात किती उतरते, हे पाहण्याचे प्रयत्न झाले आहेत. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जलतरणपटूंच्या पोशाखाखाली, चरबी जिथे साठते त्या जागी, लेटेक्स रबराच्या गाद्या बसवून कृत्रिम ‘चरबी’ वाढवण्यात आली. गाद्यांमुळे शरीर अधिक तरंगू लागले, तरीही पोहण्याची वेळ वाढली. ताकद, तंत्र आणि माणूस तोच असताना केवळ आकार वाढला की वेग घटतो, हे त्यातून दिसले. छोट्या आणि जोराच्या शर्यतीत तरंगण्याच्या फायद्यापेक्षा वाढलेल्या छेदाचा तोटा भारी पडतो, असा त्याचा अर्थ.

दुसरे उदाहरण मोठे आणि गाजलेले. २००८-०९ या काळात पॉलियुरेथेनच्या पूर्ण अंगभर पोशाखांनी जलतरणाचे विक्रम धडाधड कोसळवले. २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत तब्बल ४३ विश्वविक्रम झाले. पोशाख घातल्याने कोणाचे वजन घटले नव्हते. त्या पोशाखांनी शरीर आवळून गुळगुळीत केले, मांसल भागांचे हेलकावे रोखले आणि शरीर पाण्यात वर धरायला मदत केली. अखेर १ जानेवारी २०१० पासून जागतिक संघटनेने या पोशाखांवर बंदी घातली. पुरुषांसाठी कमरेपासून गुडघ्यापर्यंत आणि स्त्रियांसाठी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत कापडी पोशाख, असा नियम आला. काट्यावरचा आकडा न हलवता केवळ आकार आणि शरीराची ठेवण बदलून किती वेग मिळू शकतो, याचा हा बहुधा सर्वांत मोठा ‘प्रयोग’ म्हणावा लागेल.

तिसरा अभ्यास डच संशोधकांचा, १९९० चा. त्यांनी वाढत्या वयातील जलतरणपटूंचा अवरोध अडीच वर्षांच्या अंतराने दोनदा मोजला. मुलांचे वजन वाढले, शरीराचा छेद वाढला, पण उंचीही वाढली. परिणामी त्याच वेगाला होणाऱ्या अवरोधात मोजता येईल असा फरक पडला नाही. म्हणजे काट्यावरचा वाढता आकडा पाहून वाढत्या वयाच्या मुलाला ‘जड झालास’ म्हणणे शास्त्राला धरून नाही.

चरबी कमी झाली की पाय बुडतात का?

काही प्रमाणात हो. शरीराचे वजन ज्या बिंदूतून खाली ओढले जाते तो गुरुत्वमध्य ओटीपोटाच्या आसपास असतो. प्लावक बलाचा मध्य मात्र फुप्फुसांतल्या हवेमुळे थोडा छातीकडे असतो. या दोन बिंदूंमधल्या अंतरामुळे छाती वर आणि पाय खाली, असे शरीर फिरू पाहते. मांड्या आणि नितंबांवरची चरबी पायांना वर धरायला मदत करते. स्त्रियांच्या शरीरात ती तिथे जास्त असते, म्हणून त्यांचे शरीर पाण्यात तुलनेने आडवे राहते. तेवढेच अंतर पोहायला स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी ऊर्जा लागते, हे १९७० च्या दशकातील मोजण्यांतून दिसले आहे आणि त्यामागे हे एक कारण मानले जाते.

वरच्या उदाहरणातील व्यक्तीला आठ किलो चरबी घटल्यानंतर तरंगण्यासाठी फुप्फुसांत सव्वातीनऐवजी चार लिटरहून थोडी जास्त हवा लागेल. अचानक बारीक झालेल्या अनेकांना ‘आता पाण्यात खाली जातोय’ असे वाटते, ते निव्वळ भास नसतात. मात्र चरबी कुठली गेली यावर बरेच अवलंबून आहे. पोटावरची चरबी शरीराच्या मध्याजवळ असते, ती पाय उचलायला फार मदत करत नाही आणि छेद मात्र वाढवते. ती गेली तर फायदाच. मांड्यांवरची गेली तर पाय थोडे जड होतील. आणि चरबी कुठून आधी जावी हे व्यायाम करणारा ठरवू शकत नाही, शरीरच ठरवते.

या तोट्याची भरपाई तंत्राने होऊ शकते. वेगाने पोहताना किक आणि पाण्याचा प्रवाह पाय वर ठेवतात, त्यामुळे हा प्रश्न हळू पोहणाऱ्यांना जास्त भेडसावतो. उपाय ठरावीक आहेत. मान उचलून समोर पाहण्याऐवजी नजर तळाकडे ठेवायची, छाती किंचित दाबायची, कंबर सरळ ठेवायची. हा भाग किती मोठा आहे, हे एका साध्या हिशेबाने कळते. हात ताणलेले दोन मीटर लांबीचे शरीर पाण्यात दहा अंशांनी तिरके झाले, तर पाय हातांपेक्षा सुमारे ३५ सेंटिमीटर खाली जातात. पाच अंशांचा तिरकेपणाही १७ सेंटिमीटरचा फरक पाडतो. आठ किलो उतरवून छेदात झालेली दहा टक्क्यांची बचत, श्वास घेताना डोके वर काढण्याच्या एका सवयीने सहज धुऊन निघू शकते.

वजनाबरोबर ताकदही गेली तर?

खरी मेख इथे आहे. वरचे गणित ‘स्नायू तसेच राहिले’ या गृहीतकावर उभे होते. पाण्यातला वेग ठरतो तो शक्ती आणि छेद यांच्या गुणोत्तरावर. छेद दहा टक्क्यांनी घटला आणि शक्ती पाच टक्क्यांनी, तर १०० मीटरमागे चारऐवजी साधारण दोनच सेकंद वाचतात. शक्तीही दहा टक्क्यांनी घटली तर हातात शून्य. आणि ती पंधरा टक्क्यांनी घटली, तर दोन मिनिटांची वेळ सुमारे १२२ सेकंदांवर जाते. म्हणजे आठ किलो उतरवून आधीपेक्षा हळू.

उपाशी राहून झटपट वजन उतरवणाऱ्यांच्या बाबतीत हेच घडते. पहिल्या काही दिवसांत काटा भराभर खाली येतो, तो बराचसा पाण्यामुळे आणि ग्लायकोजेनमुळे. स्नायूंत साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. ग्लायकोजेन हेच जोराच्या पोहण्याचे मुख्य इंधन. ते कमी झाले की शेवटच्या फेरीत हात जड होतात. पाठोपाठ स्नायूही झिजू लागतात.

वजन उतरवण्याच्या गतीने काय फरक पडतो, हे नॉर्वेतील संशोधकांनी अव्वल खेळाडूंवर पाहिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एका गटाने आठवड्याला शरीराच्या वजनाच्या ०.७ टक्के, तर दुसऱ्याने १.४ टक्के या गतीने वजन कमी करायचे होते. दोन्ही गट ताकदीचा व्यायाम करत होते. सावकाश जाणाऱ्या गटाचे चरबीविरहित वजन उलट सुमारे दोन टक्क्यांनी वाढले. घाई करणाऱ्या गटाचे वाढले नाही. ८० किलोच्या माणसासाठी ०.७ टक्के म्हणजे आठवड्याला साधारण अर्धा किलो. आठ किलोंसाठी साडेतीन-चार महिने.

धावपटूंमध्ये ‘दर किलो वजनामागे ऑक्सिजन’ हा आकडा महत्त्वाचा मानला जातो. जलतरणात शरीर एकूण किती ऑक्सिजन वापरू शकते, याला जास्त महत्त्व. कारण भागायचे ते छेदाने, किलोने नव्हे. त्यामुळे खांदे भरलेला, काट्यावर जड दिसणारा जलतरणपटू बारीक प्रतिस्पर्ध्याला सहज मागे टाकताना दिसतो.

खाडी पोहणाऱ्यांना चरबी का लागते?

लांब पल्ल्याच्या थंड पाण्यात हिशेब उलटतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील इंग्लिश खाडी सरळ रेषेत सुमारे ३३ किलोमीटर, हंगामात पाण्याचे तापमान साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअस आणि अधिकृत नोंदीसाठी वेटसूट चालत नाही. तिथे त्वचेखालची चरबी हाच स्वेटर. म्हणून या मोहिमेची तयारी करणारे अनेक जण मुद्दाम काही किलो वजन वाढवतात. चार टक्के वेग वाढला, पण आठव्या तासाला हुडहुडी भरून बोटीत चढावे लागले, तर त्या वेगाचा उपयोग काय?

या पल्ल्यावर स्त्रियांचा आडवा राहणारा देह आणि कमी ऊर्जाखर्च यांचेही महत्त्व वाढते. अमेरिकेच्या पेनी डीन यांनी १९७८ मध्ये ७ तास ४० मिनिटांत इंग्लिश खाडी पार केली. स्त्री-पुरुष दोघांना मिळून असलेला हा विक्रम १९९४ पर्यंत टिकला. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये जगातील सात कठीण सागरी मार्गांचे ‘ओशन्स सेव्हन’ आव्हान पूर्ण केले, ते करणारे ते पहिले आशियाई. त्या यादीतल्या आयर्लंड-स्कॉटलंड दरम्यानच्या नॉर्थ चॅनेलचे पाणी इंग्लिश खाडीपेक्षाही थंड असते.

आपल्याकडच्या धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया किंवा मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील स्पर्धांमध्ये पाणी कोमट असते. तिथे थंडीसाठी चरबी जपण्याची गरज नाही. शिवाय खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्याने ८० लिटर आकारमानाच्या शरीराला ते जवळपास दोन किलो जादा उचलून धरते. तलावात पाय बुडणाऱ्या बारीक जलतरणपटूला समुद्रात सोपे वाटते, ते त्यामुळे.

मुलांच्या बाबतीत सावधगिरी का हवी?

वजन आणि वेगाच्या या अर्धवट समजुतीचा सर्वांत मोठा भुर्दंड वाढत्या वयातील खेळाडू भरतात. सरावाला लागते तेवढीही ऊर्जा अन्नातून मिळाली नाही, तर शरीर इतर कामांत काटकसर सुरू करते. मुलींची पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात, आजारपण आणि दुखापती वाढतात, मनःस्थिती ढासळते आणि शेवटी वेगही घटतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’, म्हणजे खेळातील सापेक्ष ऊर्जा कमतरता, असे नाव दिले. ती मुलग्यांनाही होते. जलतरणात धोका आणखी एका कारणाने आहे. पाण्यात हाडांवर भार पडत नाही, त्यामुळे धावण्या-उड्या मारण्याने हाडांना मिळणारी बळकटी पोहण्यातून तितकी मिळत नाही. त्यात आहार तुटपुंजा असेल तर नुकसान दुहेरी.

वयात येताना मुलींच्या शरीरात चरबीचे प्रमाण वाढणे नैसर्गिक आहे. त्या काळात वेळ काही महिने थबकते आणि नेमके तेव्हाच ‘वजन वाढलंय’ हे वाक्य कानावर पडते. ऑस्ट्रेलियासारख्या जलतरणातील महासत्तेत मुली व महिलांच्या अनुभवांची चौकशी करण्यासाठी २०२१ मध्ये स्वतंत्र समिती नेमावी लागली. तिच्या अहवालात खेळाडूंच्या शरीराविषयी आणि वजनाविषयी होणाऱ्या टिप्पण्या हा एक ठळक मुद्दा होता. सर्वांसमोर काट्यावर उभे करणे, आकडा फळ्यावर लिहिणे यातून वेग मिळाल्याचा पुरावा नाही. नुकसान मात्र दिसते. मुलाचे वजन कमी करणे खरोखर गरजेचे आहे का, हे बालरोगतज्ज्ञ किंवा क्रीडा आहारतज्ज्ञांनी ठरवावे. पाळी तीन महिने आली नाही, वारंवार दुखापत होते आहे किंवा सराव वाढूनही वेळ बिघडते आहे, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. आहार आणखी कमी करू नये.

फरक वजनाचा की तंत्राचा, कसे ओळखावे?

हौशी पोहणाऱ्याला हा प्रश्न पूर्णपणे सोडवता येणार नाही, कारण वजन उतरते त्याच काळात तंत्र, दम आणि ताकदही बदलत असतात. पण अंदाज घेता येतो. महिन्यातून एकदा त्याच तलावात, त्याच वेळी, चार वेळा शंभर मीटर एकसारख्या आरामशीर गतीने पोहावे. तीन आकडे लिहावेत : वेळ, एका फेरीतले हात आणि कमरेचा घेर. वेळ घटली आणि हातही कमी झाले, तर प्रत्येक हातामागे शरीर जास्त पुढे जात आहे. त्यात तंत्राचा आणि कमी झालेल्या अवरोधाचा वाटा आहे. हात तेवढेच राहून वेळ घटली, तर दम वाढला आहे. कंबर बारीक झाली, पण हात वाढले आणि वेळ तीच राहिली, तर ताकद किंवा शरीराची ठेवण बिघडली आहे का, ते तपासावे.

भिंतीला पाय मारून हात-पाय न हलवता किती अंतर जाता येते, ही चाचणीही उपयोगी आहे. मात्र ती वजनाची नव्हे, ठेवणीची परीक्षा आहे. बारीक शरीराला अवरोध कमी होतो, पण त्याच्याकडे वस्तुमानही कमी असल्याने ते लवकर थांबते. दोन्ही एकाच प्रमाणात घटले तर अंतर जवळपास तेवढेच येते. या चाचणीत एक-दोन मीटरची वाढ दिसली, तर तिचे श्रेय काट्याला न देता सरळ झालेल्या मानेला आणि ताणलेल्या पावलांना द्यावे.

ज्यांच्या शरीरात चरबी खरोखर जास्त आहे, त्यांनी ती सावकाश आणि ताकद टिकवून उतरवली, तर पाण्यात काही सेकंद नक्की मिळतात. गुडघे, रक्तदाब आणि साखरेला होणारा फायदा वेगळाच. जे आधीच सडपातळ आहेत, त्यांच्यासाठी मात्र पुढच्या दोन किलोंत वेग लपलेला नाही. तो डोक्याच्या ठेवणीत, वळणात, किकमध्ये आणि पोटभर जेवणात शोधायला हवा.